‘दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर’ असं लिहिलं की मार्क का जातात?

तुझा प्रश्न वाचून आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. हसू यासाठी की अगदी हेच वाक्य मी दर दोनतीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर वाचते. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ही मुलगी टीवाय बीएस्सी झूलॉजीला आहे, प्रोजेक्टचा विषय ‘निर्मितीवाद आणि उत्क्रांतिवाद : एक तुलनात्मक अभ्यास’. (निर्मितीवाद म्हणजे देवानं सगळे जीव आहेत तसे घडवले असं मानणं.) सहा महिने राबली, गुगल फॉर्म फिरवला, टाइप करून स्पायरल बाइंडिंग केलं आणि निष्कर्षात लिहिलं की दोन्ही विचार आपापल्या जागी बरोबर आहेत, निर्णय वाचकावर सोडते. एक्स्टर्नल सरांनी व्हायवात एवढंच विचारलं, ‘मग सहा महिने केलंस काय?’ आता पंधरा दिवसांत दुरुस्त करून द्यायचंय, घरी बाबा म्हणतायत की बरं केलंस, देवाच्या विरोधात काही लिहिलं नाहीस, आणि तिचा प्रश्न असा की तटस्थ राहिले हे चुकलं का.

मी झूलॉजी शिकवतेय त्याला आता २६ वर्षं झाली आणि माझ्या लेकीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

तू पाठवलेली अनुक्रमणिका बघितली आणि घोळ कुठे झाला ते तिसऱ्या प्रकरणातच दिसलं. दोन रकान्यांचं कोष्टक. डावीकडे निर्मितीवाद, उजवीकडे उत्क्रांती, आणि खाली मुद्दे : पृथ्वीचं वय, माणूस कसा आला, पुरावे, त्रुटी. कोष्टक आखलं की दोन्ही रकाने सारख्या रुंदीचे होतात ना, तिथेच निकाल लागला. पुढचं सगळं त्या रेघेनं लिहिलं, तू नाही. क्रिकेटचे नियम आणि पंढरपूरची वारी यांचं कोष्टक करून बघ, तेही भरेल, रकाने काही तक्रार करत नाहीत.

तुला वाटतंय की ते तटस्थ वाक्य तुझं स्वतःचं आहे. ते १९८१ सालचं आहे, अमेरिकेतलं, आणि त्याच्यावर कोर्टात केस झालेली आहे. तुझ्या प्रोजेक्टात हा सगळा भाग एका पानात गुंडाळलाय, त्यामुळे मी जरा लांबण लावणार आहे.

१९२५ साली टेनेसी राज्यानं बटलर कायदा केला, की माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं सरकारी शाळेत शिकवायचं नाही. डेटन नावाच्या छोट्या गावातल्या लोकांनी एका औषधाच्या दुकानात बसून ठरवलं की आपल्या गावात केस उभी करू, गावाचं नाव होईल. एका नागरी हक्क संघटनेनं पेपरात दिलंच होतं की कायद्याला आव्हान देणारा शिक्षक हवाय. जॉन स्कोप्स, वय २४, फुटबॉल कोच आणि बदली मास्तर, त्याला बोलावून विचारलं, तो हो म्हणाला, आणि आपण ते नेमकं शिकवलं होतं का हे त्याचं त्यालाही धड आठवत नव्हतं. तू लिहिलंयस ‘या खटल्यात विज्ञानाचा विजय झाला’. नाही झाला गं. स्कोप्स दोषी ठरला, १०० डॉलर दंड झाला, आणि १९२७ ला वरच्या कोर्टानं तो दंड रद्द केला तोही तांत्रिक कारणावर, की ५० डॉलरच्या वरचा दंड ज्यूरीनं ठरवायला हवा होता आणि इथे जजनं ठरवला. कायदा तसाच राहिला, तो १९६७ ला मागे घेतला. आणखी एक, स्कोप्सच्या शाळेतलं ते जीवशास्त्राचं पुस्तक उत्क्रांती शिकवत होतं तसंच माणसांची ‘वाण सुधारणा’ करायचे भयंकर विचारही शिकवत होतं, हेही लिही. आपल्या बाजूचं झाकून ठेवलं की समोरच्याला बरोबर तिथेच बोट घालता येतं.

१९६८ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं आर्कान्सॉच्या केसमध्ये अशी बंदी घटनाबाह्य ठरवली. बंदी गेली. मग काय करायचं? इथे तुझं वाक्य येतं. १९८१ ला आर्कान्सॉ आणि लुइझियाना या दोन राज्यांनी कायदे केले की उत्क्रांती शिकवायची असेल तर खुशाल शिकवा, पण तेवढंच वजन ‘निर्मिती-विज्ञाना’लाही द्या, म्हणजे विज्ञानाचं नाव लावलेल्या निर्मितीवादाला. कायद्याचं नावच ‘संतुलित वागणूक’. किती सभ्य वाटतं ना ऐकायला. दोन्ही बाजू मांडा, मुलं ठरवतील. बंदी जमली नाही तेव्हा संतुलन आलं. आर्कान्सॉचा कायदा जानेवारी १९८२ मध्ये पडला, आणि हे तुझ्या बाबांना आवर्जून सांग, त्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत नास्तिकांची फौज नव्हती, मेथडिस्ट पाद्री होते, कॅथलिक बिशप होते. देव मानणारी माणसंच म्हणाली की आमच्या देवाला विज्ञानाच्या तासाला बसवू नका. लुइझियानाचा कायदा सुप्रीम कोर्टानं १९८७ ला ७ विरुद्ध २ असा पाडला.

आणि मग माझा सगळ्यात आवडता भाग. ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ नावाचं एक शाळेसाठीचं पुस्तक तेव्हा तयार होत होतं, त्याच्या कच्च्या खर्ड्यांत सगळीकडे ‘क्रिएशनिस्ट्स’, म्हणजे निर्मितीवादी, असा शब्द. १९८७ चा निकाल आला आणि पुढच्या खर्ड्यात त्या जागी ‘डिझाइन प्रोपोनंट्स’, म्हणजे ‘कुणीतरी बुद्धीनं रचना केली असं मानणारे’. देवाचं नाव काढलं, वाक्यं तीच. पण एका ठिकाणी बदलणाऱ्याचा हात घसरला आणि खर्ड्यात राहून गेलं ‘सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स’. म्हणजे जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर पुढे लटकलेलं, शेपूट मागे लटकलेलं आणि मधे नवीन शब्द घुसवलेला. तू प्रोजेक्टात फाइंड-रिप्लेस करताना घोळ घालतेस ना, डिट्टो तसं. २००५ साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावात शाळेत हे ‘डिझाइन’ आणण्यावरून केस चालली तेव्हा बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेनं हे खर्डे कोर्टासमोर ओळीनं ठेवले. मधला दुवा दाखवा, मधला दुवा दाखवा म्हणणाऱ्यांच्याच पुस्तकात मधला दुवा सापडला. २० डिसेंबर २००५ ला जज जोन्सनी १३९ पानांचा निकाल दिला की हे विज्ञान नाही, आणि हे जज धाकट्या बुशनी नेमलेले, स्वतः चर्चला जाणारे.

त्याच केसमध्ये डिझाइनवाल्यांचे मुख्य शास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी उलटतपासणीत कबूल केलं की विज्ञानाची जी सैल व्याख्या ते करतायत तिच्यात ज्योतिषसुद्धा बसेल. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. नारळीकर सरांनी अंनिसच्या लोकांना सोबत घेऊन कुंडल्यांची चाचणी केली होती, हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर आली सरासरी ४६ टक्के, म्हणजे छापा-काट्याइतकीच. मुद्दा असा की ज्योतिषाचा दावा निदान तपासता तरी आला आणि तो पडला. ‘कुणीतरी रचना केली, कुणी ते सांगत नाही, कशी ते सांगत नाही, कधी ते सांगत नाही’ हे तपासायचं कसं? याचं उत्तर तुझ्या डाव्या रकान्यात कुठेच नव्हतं.

आता भाषेचं बघ, हे कुणी सांगत नाही. तू लिहिलंयस ‘उत्क्रांती ही अजूनही फक्त थिअरी आहे’. हा अमेरिकन टोमणा आहे, इंग्रजीत बोलताना थिअरी म्हणजे अंदाज असाही अर्थ होतो म्हणून तो तिथे चालतो. मराठीत आपण सिद्धांत म्हणतो, म्हणजे सिद्ध होऊन शेवटाला पोचलेलं. ‘हा फक्त सिद्धांत आहे’ हे वाक्य मराठीत मोठ्यानं म्हणून बघ, आपोआप हसू येईल. पण आपण काय केलं, टोमणा आयात केला आणि सोबत थिअरी हा शब्दही आणला.

अर्थात मराठी शब्दही धुतल्या तांदळाचे नाहीत. उत्क्रांती मधला ‘उत्’ म्हणजे वर, त्यामुळे आपल्याला शिडी दिसते, खाली अमिबा आणि वरच्या पायरीवर आपण, कमरेवर हात ठेवून उभे. (जुन्या संस्कृतात उत्क्रांती म्हणजे जीव शरीर सोडून वर जाणं, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं, आमच्या संस्कृतच्या मॅडम म्हणाल्या तुम्ही रोज वर्गात काय शिकवता माहितीये का.) झाड म्हण, शिडी नको. माकड खालच्या पायरीवर नाहीये, ते शेजारच्या फांदीवर आहे, म्हणून ‘माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून का आहेत’ हा प्रश्न म्हणजे ‘माझी चुलत बहीण अजून का आहे’ असा प्रश्न झाला. आणि तिसरा गुन्हेगार म्हणजे ‘बळी तो कान पिळी’, तो तू तर थेट हेडिंगला घेतलायस. तगायचं म्हणजे दंड बलदंड असायचे असं नाही, परिस्थितीला जो जुळला आणि ज्याची पिल्लं जगली तो पुढे गेला, डायनासोर गेले आणि झुरळ आहे. ते हेडिंग आजच काढ.

उजव्या रकान्यात पुरावे म्हणून जे टाकलंयस ते सगळं पुस्तकातलं उतरवलेलं, जीवाश्म, अवशेषांगं, भ्रूण, झालं. चुकीचं नाही, पण तू स्वतः त्यातलं काय बघितलंस? माझी एक जुनी विद्यार्थिनी होती, तिनं जवळपास हाच विषय घेतला होता आणि तीही तुझ्यासारखी कोष्टकात अडकली होती. कॉलेजात तोवर डिसेक्शन बंद झालेलं. मी तिला म्हटलं, खाटकाकडे जा आणि बोकडाचा घसा, श्वासनलिका, फुप्फुसं आणि दिल सगळं एकत्र जोडलेलं माग, मधे सुरी लावू नका म्हणावं. तिनं ते आणलं, गच्चीवर जुने पेपर अंथरले, बोथट कात्री आणि चिमटा घेऊन बसली.

शोधायची होती एक नस, स्वरयंत्राला जाणारी. मेंदूकडून निघते, स्वरयंत्र इथे गळ्यात, म्हणजे वीतभर अंतर. पण डाव्या बाजूची ही नस सरळ जात नाही, मोठ्या व्हेगस नसेबरोबर अख्खी मान उतरून छातीत जाते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिकेच्या कडेनं परत वर येते. खाटकानं गळा चिरलेला असतो तिथे ती तुटलेली मिळते, त्याला इलाज नाही, पण खालचा वळसा शाबूत राहतो, चरबी हळूहळू बाजूला केली की पांढऱ्या सुती दोऱ्यासारखा दिसतो. तिला सापडायला दीड तास लागला. मला फोन करून ओरडलीच. जिराफात हीच नस असाच वळसा घालते, तिथे ती काही मीटर लांब होते.

आणि मग कारण बघायला बाजारातून बांगडा आण. साफ करताना कल्ले ओढून काढ, हृदय अगदी तिथेच लागून, कल्ल्यांच्या खाली. माशाला मानच नाही. तिथे या नसेच्या जातीच्या फांद्या कल्ल्यांच्या रक्तवाहिन्यांच्या मागून सरळ जातात, वळसाबिळसा काही नाही. पुढे माशांच्या वंशात मान आली, हृदय खाली छातीत सरकलं, आणि रक्तवाहिनीच्या मागे अडकलेली नस बिचारी तिच्याबरोबर खाली ओढली गेली, तोडून नव्यानं जोडायची सोय निसर्गात नसते, आहे त्यालाच ताणायचं. त्या विद्यार्थिनीची आजी शेजारी बसून सगळं बघत होती, सातवी शिकलेली बाई, ती म्हणाली, ‘माजघरातनं स्वयंपाकघरात जायला कुणी वेशीला वळसा घालून येतं का गं?’ ते वाक्य तिनं प्रोजेक्टात जसंच्या तसं टाकलं आणि व्हायवात एक्स्टर्नलनी त्याच्यावरच दहा मिनिटं चर्चा केली. त्या दिवशी तिचं कोष्टक आपोआप गळून पडलं, कारण डाव्या रकान्यात या वळशासमोर लिहायला ‘देवाची इच्छा’ याशिवाय काही नव्हतं, आणि देवाची इच्छा म्हटलं की सरळ नस असती तरी तेच उत्तर आणि वाकडी असली तरी तेच उत्तर.

पिल्टडाउनचा माणूस तू उत्क्रांतीच्या ‘त्रुटी’त टाकलायस. खोटी कवटी होती खरी, माकड आणि माणूस यांच्या मधला दुवा म्हणून १९१२ ला मिरवली, पण १९५३ ला ती पकडली कुणी? हाडांतलं फ्लोरिन मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनीच. तो मुद्दा उचलून विज्ञान स्वतःची चूक कशी पकडतं तिथे ठेव.

सर्व्हे. हे कडू आहे, गिळ. तुझा पहिला प्रश्न ‘तुम्ही देवाला मानता की उत्क्रांतीला?’ असा आहे. अगं, ज्याला दोन्ही मान्य त्यानं कुठे टिक करायची? डोबझान्स्की हा जीवशास्त्रज्ञ, ज्यानं १९७३ ला लिहिलं की उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रात कशालाच अर्थ नाही, तो स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन होता. पोप जॉन पॉल दुसरे १९९६ ला म्हणाले की उत्क्रांती ही आता नुसत्या गृहीतकापेक्षा जास्त आहे. यांना तुझ्या फॉर्ममध्ये जागाच नाही. आणि प्रश्न कसा विचारला यानं उत्तर किती हलतं याचं मस्त उदाहरण आहे. प्यू या मतचाचण्या घेणाऱ्या संस्थेनं २०१८ ला अमेरिकेत दोन पद्धतीनं विचारून बघितलं. आधी ‘माणूस बदलत आला की पहिल्यापासून असाच आहे’ आणि मग पुढचा प्रश्न, असं दोन पायऱ्यांत विचारलं तर ३१ टक्के म्हणाले असाच आहे. एकाच प्रश्नात ‘बदलत आला आणि त्यात देवाचा हात होता’ हाही पर्याय ठेवला तर फक्त १८ टक्के. गॅलप ही तशीच दुसरी संस्था, ते १९८२ पासून आपला एकच प्रश्न विचारतायत, तेव्हा ४४ टक्के म्हणायचे की देवानं माणूस गेल्या दहाएक हजार वर्षांत आहे तसा घडवला, २०२४ ला ३७ टक्के. हे आकडे एकमेकांशेजारी ठेव आणि मग स्वतःचा फॉर्म बघ. तो फॉर्म तू घरच्या, सोसायटीच्या आणि क्लासच्या ग्रुपवर टाकला होतास, म्हणजे ‘महाराष्ट्रातील लोकांचे मत’ हे शीर्षक तर कापच. ‘माझ्या ओळखीतल्या लोकांनी काय लिहिलं’ असं लिही, लाज वाटायचं कारण नाही, खरं तेच आहे.

भारताचं प्रकरण तू घेतलंच नाहीस याचं मात्र आश्चर्य वाटलं. बायबलमधून आर्चबिशप अशरनं काढलेलं ख्रिस्तपूर्व ४००४ हे साल तुला पाठ, आणि जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत, तेव्हा औरंगाबादच म्हणायचे, केंद्रातले शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह बोलले की डार्विन शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, माकडाचा माणूस होताना कुणी बघितला नाही, ते तुझ्या प्रोजेक्टात नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून त्याचा निषेध केला होता. मग एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून कोविडच्या काळात भार कमी करायचा म्हणून उत्क्रांतीचा भाग गेला तो गेलाच, धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ उरलं, २०२३ ला १८०० हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. त्याच वेळी आपल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून चार पानं लिही, अमेरिकेवरच्या चाळीस पानांपेक्षा ती भारी होतील.

आणि आपल्याकडचा विरोध अमेरिकेसारखा नाहीये हे लक्षात घे. इथे कुणी सहा हजार वर्षांची पृथ्वी म्हणत नाही, आपल्या युगांचे आकडे तर लाखांत असतात. इथे म्हणतात ‘हे आमच्याकडे आधीच होतं’. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, बघा, दशावतार म्हणजेच उत्क्रांती. ऐकायला गोड आहे, आणि दरवर्षी एक तरी मुलगा वर्गात उठून हे म्हणतोच. मी त्याला चिडवत नाही, विचारते की परशुरामानंतर राम आणि मग कृष्ण, यात शरीरात काय बदललं? आणि यावरून पुढच्या खडकात काय सापडेल ते सांग. टिकटालिक नावाचा जीवाश्म शोधणाऱ्यांनी आधी ठरवलं होतं की मासा आणि चार पायांचा प्राणी यांच्या मधलं काहीतरी सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या, नदी-ओढ्याच्या गाळाच्या खडकात मिळायला हवं, मग नकाशा बघून कॅनडाच्या उत्तरेला एल्स्मिअर बेटावर गेले, अनेक उन्हाळे फुकट घालवले आणि २००४ ला तो मिळाला.

आता पंधरा दिवसांत काय करशील. सगळं पाडू नकोस. कोष्टक काढ आणि प्रोजेक्टाचे दोन सरळ भाग कर, एकात निर्मितीवादाचा इतिहास, म्हणजे लोक काय मानत आले, कायदे कसे आले, नावं कशी बदलत गेली. दुसऱ्यात उत्क्रांतीचा एकच पुरावा, पण स्वतः बघितलेला. शीर्षकातला ‘तुलनात्मक’ शब्द गाईडना विचारून काढता आला तर काढ. निष्कर्षात तटस्थपणाचं वाक्य ठेवायचंच असेल तर ते निष्कर्ष म्हणून ठेवू नकोस, नमुना म्हणून ठेव : मी पहिल्या खर्ड्यात असं लिहिलं होतं आणि नंतर मला कळलं की हे वाक्य कुठून आलं. तुझा अनुभव म्हणून हे एक पान बाकी साठ पानांपेक्षा जास्त वाचलं जाईल बघ.

बाबांशी वाद घालत बसू नकोस. देव आहे की नाही हा तुझ्या प्रोजेक्टाचा प्रश्नच नाहीये, त्यांना आर्कान्सॉच्या त्या पाद्र्यांचं सांग आणि पुढचं त्यांच्यावर सोड.

आणि खाटकाकडे रविवारी जाऊ नकोस, गर्दीत तो तुझं ऐकणार नाही आणि सवयीनं सगळं तुकडे करून पिशवीत भरेल. बुधवारी सकाळी लवकर जा, आदल्या दिवशी सांगून ठेव. आईला मात्र आधी विचार, आणि कात्री स्वयंपाकघरातली घेऊ नकोस.